म्हाताऱ्या जनावरासोबत घरच्यांचा फोटो: पोळ्याची वाट पाहू नका

आमचा पाखऱ्या बैल घरच्याच गाईचा. १७ वर्षं आमच्या कोठ्यात होता. तो गेला त्या रात्री आम्ही घरातले चारही मोबाईल घेऊन ओसरीत बसलो आणि त्याचे फोटो शोधू लागलो. सापडले ते सगळे पोळ्याचे. अंगावर झूल, कपाळावर मठाटी, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. त्याच्या मानेवरचा जुवाचा घट्टा, उजव्या कानाची फाटलेली कड, बसताना आधी गुडघे टेकून थोडं थांबायची त्याची रीत, यातलं काहीच कुठं नव्हतं. आणि बाबा तर नव्हतेच. १७ वर्षं ज्यांनी त्याला पाणी पाजलं, त्यांचा एका फोटोत कासरा धरलेला हात तेवढा आला होता.

पुढं काळू, आमचा कुत्रा, म्हातारा झाला तेव्हा ही चूक मी होऊ दिली नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोलावलं म्हणून त्यांच्या गाई, बैल, कुत्री, एकदा तर एका आजीची लाडकी शेळी, यांचे घरच्यांसोबत फोटो काढून दिले. माझ्याकडे कॅमेरा नाही, साधा फोन आहे. ज्यांनी आजवर सेल्फीपलीकडं काही काढलं नाही त्यांना जमेल असंच इथं सांगते.

जनावर थकलं हे दिसलं की त्याच आठवड्यात

"जरा बरं वाटू दे, मग काढू." हे वाक्य मी फार घरांत ऐकलं, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत फोटो राहूनच गेला. म्हातारपण काही एका दिवसात येत नाही, आधी खुणा देतं. बैल उठताना दोनदा प्रयत्न करतो. दाढा झिजल्या की कडब्याची जाड बुडखं गव्हाणीत तशीच उरतात, ढेप मात्र तो चाटून खातो. कुत्रं गाडीचा आवाज ऐकून फाटकापर्यंत यायचं, ते आता तुम्ही जवळ जाऊन हात लावेपर्यंत झोपलेलं असतं. डोळ्यांत निळसर धूर साठल्यासारखा दिसतो. अशी एखादी खूण दिसली की दोन कामं लगेच करा.

पहिलं काम डॉक्टरचं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, नेणं जमत नसेल तर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. सांधे दुखत असलेलं जनावर फोटोत हसरं दिसावं अशी आशा धरण्यात अर्थ नाही, आधी त्याचं दुखणं कमी झालं पाहिजे. औषध दिल्यावर कोणत्या वेळी त्याला सर्वांत बरं वाटेल हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि फोटो त्याच वेळी ठेवा. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी मनानं देऊ नका. पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखं भोवू शकतं, मांजराला तर एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

दुसरं काम, घरच्यांना एकत्र आणण्याचं. पुण्याला नोकरीला असलेला भाऊ दिवाळीत येणार असेल आणि आता भाद्रपद चालू असेल, तर थांबू नका. घरी आहेत तेवढ्यांचा फोटो आज काढा, भाऊ आला की पुन्हा काढा.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले होते. "फोटो कायले काढतं व आता? मरून थोडी राह्यला थो." त्यांना वाटलं मी काळूचं मरण बोलावते आहे. मी वाद घातला नाही. रोज संध्याकाळी ते त्याला भाकर चारायचे तेव्हा फोन घेऊन नुसती शेजारी बसू लागले. चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "इकडून घे, इकडून उजेड हाये." तुमच्याही घरात कुणी असं बोललं तर त्याला वेळ द्या.

कोणता महिना, कोणती वेळ

आपल्याकडचा उन्हाळा म्हाताऱ्या जनावराला सोसत नाही. चंद्रपूर, नागपूर, अकोला, वर्धा, कुठंही पाहा, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकत अंग थंड करतं, आणि म्हातारं कुत्रं त्यातही मागं पडतं. त्यामुळं मे महिन्यात फोटो काढायचाच असेल तर पहाटे. सूर्य पावणेसहाच्या आत वर येतो, साडेसहापर्यंत काम आटोपलेलं बरं. पावसाळ्यात चिखलावर म्हाताऱ्याचे पाय घसरतात, झड लागली की उजेडही नसतो.

सर्वांत चांगले दिवस म्हणजे दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचे. कापूस वेचणीची घाई असते हे खरं, पण पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पुढचा तासभर ऊन तिरपं, मऊ, पिवळसर असतं. बैल रात्रीची वैरण खाऊन रवंथ करत बसलेला असतो, कुत्रं उन्हाला येऊन पडतं. कुणाला काही सांगावं लागत नाही. दुपारी अकरा ते चार फोन खिशातच राहू द्या. त्या वेळी डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि सगळे कपाळाला आठ्या घालून उभे राहतात.

जागा त्याची, आपली नाही

लोक हौसेनं जनावराला घरासमोर आणतात, रांगोळीजवळ नाहीतर नव्या ट्रॅक्टरपाशी. तसं करू नका. ज्याला दिसत कमी, ऐकू कमी येतं, त्याला अनोळखी जागा म्हणजे भीती. कान मागं, शेपूट आत, मान खाली, असाच फोटो येतो. माणसांना त्याच्या जागी न्या. बैल कोठ्यात असेल तर गव्हाणीशी, कुत्रं चुलीशी झोपत असेल तर चुलीशी.

मग त्या जागी उभं राहून उजेड कुठून येतो ते पाहा. कोठ्याचं दार ही माझी आवडती जागा. जनावर दाराच्या आत हातभर, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि आपण बाहेरून फोटो काढायचा. अंगावर थेट ऊन नाही, पण आकाशाचा सगळा उजेड चेहऱ्यावर. कडुनिंबाखाली मात्र फसगत होते. डोळ्यांना ती सावली छान वाटते, फोटोत सगळ्यांच्या तोंडावर उन्हाचे कवडसे पडलेले दिसतात. निळ्या ताडपत्रीखाली माणसं निळसर दिसतात आणि हिरव्या नेटखाली हिरवट, हे तर नंतर दुरुस्तही होत नाही. ताडपत्री दहा मिनिटांसाठी गुंडाळून ठेवा.

मागचं प्लास्टिकचं टोपलं, फवारणीचा पंप, युरियाचं पोतं बाजूला करा. पण फार झाडलोट करू नका. शेणानं सारवलेली भिंत, खुंट्याला अडकवलेलं जुनं जू, कुत्र्यानं खोदलेला खड्डा राहू द्या. वीस वर्षांनी लेकरं हेच निरखून पाहतील.

फोन हातात घेतल्यावर

आधी भिंग पुसा, धुवून मऊ झालेल्या सुती कापडानं. निम्मे फोटो धूसर येतात ते बोटांच्या तेलामुळं. चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय बंद करा, ती आजीच्या सुरकुत्या आणि कुत्र्याच्या तोंडावरचे पांढरे केस दोन्ही पुसून टाकते. फ्लॅशही बंद. कुत्रं, मांजर, गाय, बैल यांच्या डोळ्यांत मागं उजेड परतवणारा पडदा असतो, फ्लॅश पडला की डोळे हिरवे-पिवळे चमकतात, आणि दचकतात ते वेगळंच.

फार जवळ जाऊन फोटो काढला की जनावराचं नाक मोठं आणि बाकी अंग लहान येतं. चार पावलं मागं सरका आणि फोनवर २ हा आकडा असेल तो दाबा. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा भागातल्या गवळाऊ जातीच्या बैलाचं तोंड मुळातच लांब आणि निमुळतं, त्याचा फोटो अगदी समोरून कधीच घेऊ नका. थोडं बाजूनं घ्या, म्हणजे ते बदामी डोळे आणि कपाळाची रेघ दिसते.

रंगाची गोष्ट नीट समजून घ्या, कारण नवखे इथंच हरतात. काळू काळाभोर होता. उन्हात त्याचा फोटो म्हणजे चार पायांचा काळा डाग. त्याला सावलीत, दाराच्या बाजूच्या उजेडात बसवलं, पडद्यावर त्याच्या तोंडावर बोट ठेवलं, बोट तसंच दाबून धरलं की तिथली चौकट पक्की होते, म्हणजे फोन उजेड मनानं बदलत नाही. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते बोटानं थोडं वर सरकवलं आणि त्याचे डोळे दिसू लागले. पांढऱ्या बैलाचं उलट. अंधाऱ्या कोठ्यासमोर पांढरा बैल उभा केला की फोन अंधार पाहून उजेड वाढवतो आणि बैल चुन्यासारखा सपाट होतो. तिथं बैलाच्या मानेवर बोट ठेवा आणि सूर्य खाली ओढा, वशिंडाच्या घड्या दिसेपर्यंत.

आणि खाली बसा. ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी फोटो सुधारतो. फोन जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. कुत्रं लोळलेलं असेल तर तुम्हीही पोटावर झोपा, कपडे धुता येतात. उभ्यानं काढलेल्या फोटोत म्हातारं जनावर बिचारं दिसतं. ते तसं नसतं.

सगळे एका चौकटीत

आजी-आबाजींना जमिनीवर बसवू नका, बाज किंवा ठेंगणा स्टूल आणा आणि बाकीच्यांना त्यांच्याभोवती खाली बसवा. जो रोज चारा घालतो, भाकर टाकतो, तो जनावराच्या तोंडाशी. मान, पद, वय यावरून जागा ठरवू नका. एका घरी बैलाच्या तोंडाशी मालक उभे राहिले आणि दहा वर्षं वखर हाकणारा सालदार कडेला. बैल सारखी मान वळवून सालदाराकडं पाहत होता. मी मालकांना तसं सांगितलं, ते समजूतदार होते, लगेच सरकले. तो फोटो आता सालदाराच्याही घरात आहे.

बैलाला बाजूचं आणि पुढचं जवळजवळ सगळं दिसतं, पण थेट मागचं दिसत नाही. म्हणून मागं कुणीच नको, लेकरं तर अजिबात नको. लेकरं खांद्याजवळ, मोठ्या माणसाच्या पुढ्यात. शिंगांना फुगे, टोप्या काही लावू नका. जोडीदार बैल अजून असेल तर एक फोटो दोघांचा, रोज ज्या बाजूला जुंपतात त्याच बाजूंनी. उजव्याचा डावा केला तर ते दोघंही बावरतात.

कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारून फोटो काढायची लेकरांना फार हौस असते. दुखऱ्या सांध्यांवर भार पडला की सगळ्यात शांत कुत्रंही चावू शकतं. हात पाठीवर ठेवायला सांगा. कुत्रं ओठ चाटू लागलं, झोप नसताना जांभया देऊ लागलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, मान फिरवू लागलं, की ते म्हणतं आहे "पुरे". थांबा, पाणी पाजा, संध्याकाळी पुन्हा पाहा. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका.

कपड्यांबद्दल एक अनुभव. मायनं फोटोसाठी पेटीतलं इरकली लुगडं काढलं. काळू तिच्या मांडीजवळ यायचा तो चक्क उठून दूर गेला. डांबराच्या गोळ्यांचा वास! ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याच्याजवळ उरतो तो वास, आणि त्या वासात माय नव्हतीच. तिनं रोजचं पातळ नेसलं, तो परत येऊन तिच्या पायावर हनुवटी टेकून पडला. चांगले कपडे घालायचे असतील तर दोन दिवस आधी बाहेर काढून उन्हात टाका, अत्तर-पावडर नको.

त्याचं लक्ष वेधायला टाळ्या, शिट्ट्या नकोत. बैलासाठी ढेपेच्या बादलीची कडी हलवा, कान लगेच पुढं येतात. बहिऱ्या कुत्र्यासाठी भाकरीचा तुकडा फोनच्या भिंगाखाली धरा, किंवा जमिनीवर हलकेच पाय आपटा, धक्का त्याला कळतो. माणसांना "हसा" म्हणू नका. "हा पहिल्यांदा घरी आला तेव्हा कुणी आणला होता?" एवढं विचारा आणि फोटोचं बटण भराभर दाबत राहा म्हणजे एकामागून एक फोटो निघतात. सगळे एकमेकांकडं पाहून बोलू लागतात, त्यातला एखादा तुमचा.

आता फोटो काढणाऱ्याचं काय? बहुतेक घरांत फोन एकाच्याच हातात असतो आणि नेमका तोच कुठल्याही फोटोत नसतो. धान्यानं भरलेल्या पायलीत फोन उभा रोवा, किंवा दोन विटांच्या मधे धरवा, टायमर १० सेकंदांवर लावा आणि जाऊन बसा. पाच-सहा वेळा करा. माझा आणि काळूचा एकच फोटो आहे, तो पायलीतल्या ज्वारीनं काढलेला.

बारीकसारीक, जे फोटोत घ्यायचं राहून जातं

सगळ्यांचा फोटो झाला की माणसं पांगतात. तुम्ही बसून राहा. जुवाचा घट्टा, झिजलेला खूर, शिंगाची वाकडी टोकं, पांढरी झालेली हनुवटी, पंज्याची खरबरीत गादी, त्यावर ठेवलेला बाबांचा भेगाळलेला हात. कुत्र्याचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, चेपलेलं भांडं. माझ्या भाचीनं तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल आणून शेजारच्यांच्या म्हाताऱ्या बैलापुढं ठेवला होता आणि तो त्याला हुंगत होता. ठरवून असा फोटो मिळत नाही, बसून राहिल्यानं मिळतो.

आवाजही घ्या. फोन आडवा धरून, न बोलता, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरतो. रात्री रवंथ करतानाचा आवाज, मान हलली की वाजणारी घाटी, फरशीवर कुत्र्याच्या नखांची टकटक. पाखऱ्याची घाटी आमच्याकडं आजही खुंटीला आहे, पण हातानं हलवली की ती त्याच्या चालीवर वाजत नाही.

वेळ अगदी जवळ आली असेल तर

बैल बसला आणि उठत नसेल, तर फोटोसाठी त्याला उठवू नका, दोरानं ओढू नका. त्याच्याजवळ बसा, कपाळावर हात ठेवा, आणि कुणीतरी मागून, माणसांच्या पाठी आणि हात दिसतील असा फोटो घ्यावा. चेहरे नकोत, त्या वेळी कुणालाच आपला चेहरा नंतर पाहवत नाही. डॉक्टरांनी कुत्र्याला झोपेचं शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं असेल तर फोटो आदल्या संध्याकाळी उरकून घ्या. त्या सकाळी हात मोकळे हवेत.

निरोप म्हणजे दर वेळी मरणच असतं असंही नाही. चारा संपला, जोडी विकावी लागली, म्हातारी गाय गोरक्षणात पाठवावी लागली, हेही आपल्या घरांत घडतं. तेव्हाही आदल्या दिवशी, तिच्या खुंट्याशी काढा. गाडीत चढवतानाचा फोटो एका घरी माझ्याकडून निघाला, त्या घरातल्या पोरानं तो आजवर उघडला नाही.

गेल्यानंतरचा फोटो मी स्वतः काढत नाही. कुणी मागितला तर मानेपर्यंत धोतर किंवा चादर पांघरून, कुंकू लावल्यावर, एकच. आणि घरातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका. तिथं तो २४ तासांत जातो, पण घरातल्या एखाद्याचं मन दुखलं तर ते दुखलेलंच राहतं.

नंतरचं काम आठ दिवसांत

दोनशे फोटो ठेवले की कुणी पाहत नाही. पंधरा-वीस निवडा. घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या पद्धतीनं पाठवलं की फोटो दाबून लहान होतो आणि मोठा छापताना फाटल्यासारखा दिसतो. एक प्रत दुसऱ्या फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर. माझे काळूचे पहिले काही फोटो तालुक्याच्या एका दुकानात फोन दुरुस्तीला दिला तेव्हा गेले. फोन परत आला तो कोरा. भावाकडं पाठवलेले होते म्हणून तेवढे वाचले.

मग छापा. ८ बाय १२ इंचांचा फोटो स्वच्छ यायला साधारण २४०० बाय ३६०० ठिपके लागतात, आजकालच्या बहुतेक फोनांत तेवढे सहज असतात, फक्त कापाकापी फार करू नका. ४ बाय ६ च्या प्रती प्रत्येक घराला एक, सासरी गेलेल्या बहिणीलाही. मागं पेन्सिलीनं लिहा, शाई पुढं उमटते. जनावराचं नाव, कुणाच्या गाईचा किंवा कुठून आणलेला, अंदाजे वय, तारीख, आणि डावीकडून उजवीकडं माणसांची नावं. आज सगळे ओळखतात म्हणून कुणी लिहीत नाही.

फ्रेम थेट ऊन पडत नाही आणि पावसात ओल चढत नाही अशा भिंतीवर लावा, मागं हवा राहावी म्हणून चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवा. मायनं काळूचा फोटो ओसरीत लावू दिला नाही. तो चुलीशी झोपायचा, म्हणून रांधणीतच लावला. धुरानं खराब होईल म्हणून आम्ही त्याला काच बसवून मागून पट्टी मारून घेतली, आणि दर शनिवारी ती पदरानं पुसते.